वाल्टर काडेन : एकही विश्वविजेतेपद नसलेला, तरीही रेसिंग फिरवून टाकणारा इंजिनिअर

कानस

परवा एका जुन्या टू-स्ट्रोक रेसिंग गाडीचा एक्झॉस्ट उतरवून बाकावर घेतला. कुणीतरी हाताने बनवलेला, वरून गंजून तांबूस पडलेला. आतली काजळी खरवडताना त्याचा आकार हाताला कळत गेला. सिलेंडरच्या तोंडाशी दोन बोटं जातील एवढी नळी, पुढे नरसाळ्यासारखी रुंदावत गेलेली, मधे फुगलेलं पोट, मग एकदम आवळत आलेलं उलटं नरसाळं आणि शेवटी अंगठ्याएवढी पुंगळी. एक्स्पान्शन चेंबर. टू-स्ट्रोकवर जीव असलेल्या प्रत्येकाने ही वस्तू पाहिलेली असते. पण तिच्यामागच्या माणसाचं नाव विचारलं की बहुतेक जण गप्प होतात. म्हणून आज वाल्टर काडेनबद्दल लिहायला बसलो.

काडेनचा जन्म १ सप्टेंबर १९१९ चा, जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातल्या पोबरशाऊ गावचा. वडील डीकेडब्ल्यू या मोटरसायकल कंपनीच्या विक्रीप्रमुखाचे ड्रायव्हर. १९२७ मध्ये न्युर्बुर्गरिंग हे रेसिंग सर्किट सुरू झालं तेव्हा हा सात-आठ वर्षांचा पोर तिथे हजर होता. डीकेडब्ल्यूचा कारखाना जवळच्याच चोपाऊ गावात. १९२० च्या दशकाच्या अखेरीस जगात सर्वांत जास्त मोटरसायकली तिथे बनत होत्या, आणि त्या टू-स्ट्रोक. म्हणजे हा वास त्याच्या नाकात लहानपणापासून.

युद्धानंतर चोपाऊ सोव्हिएत अमलाखाली गेलं. कारखान्यातली यंत्रं भरपाई म्हणून खोलून रशियात नेली. डीकेडब्ल्यूच्या आरटी १२५ या छोट्या गाडीची रचना तर जगाने वाटून घेतली. ब्रिटनची बीएसए बँटम तिच्यावरून, हार्लेची १२५ तिच्यावरून, मॉस्कोत बनलेली गाडी तिच्यावरून, आणि १९५५ ची यामाहाची अगदी पहिली मोटरसायकल वायए-१ हीसुद्धा तिच्यावरूनच. मागे राहिलेल्या रिकाम्या शेडमध्ये लोकांनी पुन्हा काम उभं केलं. काडेन तेव्हा त्याच गावात छपरांच्या लाकडी कैच्या बनवायचा धंदा करत होता आणि फावल्या वेळात आरटी १२५ वर स्वतःची रेसिंग गाडी घडवत होता. १९५३ मध्ये कारखान्याचा रेसिंग विभाग त्याच्या हाती आला. तेव्हा कंपनीचं नाव आयएफए होतं, १९५६ पासून एमझेड.

आता दोन आकडे बघा. युद्धाआधीची रस्त्यावरची आरटी १२५ पावणेपाच अश्वशक्तीची. १९६१ मध्ये काडेनच्या १२५ सीसी रेसिंग इंजिनाने मिनिटाला १०,८०० फेऱ्यांना २५ अश्वशक्ती दिली. लिटरच्या हिशेबाने २००. सुपरचार्जर (हवा दाबून आत भरणारं यंत्र) नसलेल्या कुठल्याही इंजिनाने तोवर हा आकडा गाठला नव्हता. आणि हे झालं कुठे, तर जिथे चांगला स्पार्क प्लग किंवा बेअरिंग हवं असेल तर आधी पश्चिमेकडचं चलन कुठून आणायचं याची चिंता करावी लागे, अशा पूर्व जर्मनीत.

मला त्याचा जो पैलू सर्वांत भावतो तो हा. टू-स्ट्रोक इंजिन त्या काळी गरिबाचं वाहन समजलं जाई. रेसिंगला फोर-स्ट्रोक, हे ठरून गेलेलं. काडेनने या इंजिनाचा सर्वांत मोठा दोष, म्हणजे पेटायच्या आधीच एक्झॉस्टमधून निसटणारं पेट्रोल, तोच धरला आणि त्यावर काम केलं. कुणाला आणखी माहिती असेल तर जरूर लिहा. त्याचा रायडर डेग्नर, त्याचा विषय निघणारच, तोही निघू दे.

जुनी_किक

फार बरं केलंत हा विषय काढून. माझ्या आठवणीप्रमाणे काडेन युद्धात फॉन ब्राउनबरोबर व्ही-२ रॉकेटवर होता ना? रॉकेट बनवणारा माणूस मोटरसायकलकडे वळला, अशीच त्याची ओळख करून दिली जाते. आणि एक्स्पान्शन चेंबरचा शोध त्याचाच, असंही.

कानस

दोन्ही ठिकाणी थोडी दुरुस्ती, जुनी_किक. तो पेनेम्युंडेला, म्हणजे व्ही-२ जिथे घडलं त्याच तळावर होता हे खरं, पण काम हेन्शेल कंपनीच्या एचएस २९३ वर होतं, हर्बर्ट वाग्नरच्या हाताखाली. विमानातून सोडायचा, खाली रॉकेट मोटर लावलेला आणि रेडिओने दिशा देता येणारा बॉम्ब. व्ही-२ शी त्याचा संबंध जोडतात तो जागेच्या नावामुळे.

चेंबरचं श्रेयही वाटून द्यायला हवं. डीकेडब्ल्यूच्या पश्चिम जर्मनीतल्या शाखेत एरिख वोल्फ नावाच्या इंजिनिअरने फुगीर एक्झॉस्ट आधी वापरला होता. आणि मिश्रण आत घेण्यासाठी क्रँकशाफ्टवर फिरणारी पातळ चकती, म्हणजे रोटरी डिस्क व्हॉल्व्ह, ती डॅनियल झिमरमन नावाच्या एका रेसरने स्वतःच्या गाडीवर लावलेली काडेनने पाहिली. दुसऱ्याची चांगली कल्पना ओळखायला नजर लागते आणि ती कबूल करायला मन लागतं. काडेनने या सुट्या गोष्टी एका इंजिनात आणल्या, त्यांचा एकमेकींशी मेळ बसवला आणि ऑसिलोस्कोप, म्हणजे लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र, लावून एक्झॉस्टमधल्या दाबाच्या लहरी मोजल्या. अंदाजाने नळ्या कापत बसण्याचे दिवस तिथे संपले.

चौकस

एचएस २९३ चा उल्लेख झालाच आहे तर एक गोष्ट इथे नोंदवाविशी वाटते. २६ नोव्हेंबर १९४३ रोजी भूमध्य समुद्रात 'रोहना' नावाचं जहाज याच बॉम्बने बुडालं. हजाराहून जास्त माणसं गेली, बहुतेक अमेरिकन सैनिक. जहाज ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीचं, आणि खलाशी मुख्यतः भारतीय. त्यांच्यातलेही अनेक परत आले नाहीत. काडेन तेव्हा चोवीस वर्षांचा, मोठ्या कारखान्यातला एक तरुण इंजिनिअर. त्याच्यावर सगळं ओतायचा माझा हेतू नाही. पण 'रॉकेटवाला इंजिनिअर' हे बिरुद आपण कौतुकाने लावतो तेव्हा ते रॉकेट कुणावर पडलं हेही माहीत असावं.

कानस

चौकस, मनापासून आभार. 'रोहना'चं मला माहीत नव्हतं. वर मी फक्त यंत्राचं वर्णन केलं, त्याने काय झालं ते लिहिलं नाही. तुमचा प्रतिसाद या धाग्यात असायलाच हवा होता.

तिसरा_गिअर

चेंबर नेमकं काम कसं करतं ते कुणी साध्या भाषेत सांगेल का? मी इतकी वर्षं टू-स्ट्रोक चालवली. ठरावीक फेऱ्यांना गाडी एकदम उचल खाते, आवाज बदलतो, हँडल हलकं होतं, हे अंगाला माहीत आहे. का होतं ते कधीच कळलं नाही.

अनुनाद

मी भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे प्रयत्न करते.

आधी अडचण. टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नसतात. सिलेंडरच्या भिंतीत खिडक्या असतात आणि पिस्टनच त्या उघडतो, झाकतो. पिस्टन खाली येताना आधी एक्झॉस्टची खिडकी उघडते, मग ताज्या मिश्रणाच्या. वर जाताना उलट क्रम: ताज्या मिश्रणाच्या खिडक्या आधी बंद होतात आणि एक्झॉस्टची शेवटी. म्हणजे काही क्षण असे येतात की नवं मिश्रण आत येऊन बसलंय आणि बाहेरचं दार सताड उघडं आहे. ते निसटतंच.

आता लहर. एक्झॉस्टची खिडकी उघडली की दाबाचा एक धक्का नळीतून पुढे धावतो. तापलेल्या वायूत त्याचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास. नळी रुंदावायला लागली की या लहरीचा काही भाग उलटा फिरतो, पण चिन्ह बदलून: दाबाची लहर गेली, ओढीची परत आली. ही ओढ सिलेंडरपर्यंत पोचते तेव्हा ती उरलासुरला धूर बाहेर खेचते आणि क्रँककेसमधलं, म्हणजे पिस्टनखालच्या पेटीतलं, ताजं मिश्रणही वर ओढून घेते. बासरीच्या उघड्या टोकाशी हवेचं जे होतं, तेच इथे.

मूळ लहर पुढे जाऊन पोटापलीकडच्या आवळत्या शंकूवर आपटते. तिथून ती चिन्ह न बदलता परत येते, दाबाची दाबाचीच. ती बरोबर त्या क्षणी खिडकीशी पोचली पाहिजे, जेव्हा ताजं मिश्रण निसटून नळीत आलेलं असतं. मग ती त्याला पुन्हा सिलेंडरमध्ये ढकलते आणि मागोमाग पिस्टन दार लावतो. म्हणजे दार नसलेल्या इंजिनाला काडेनने आवाजाचं दार बसवलं.

वेळेचं गणित बघा. १०,८०० फेऱ्यांना एक फेरा साडेपाच सहस्रांश सेकंदात होतो. एक्झॉस्ट उघडा असतो जेमतेम तीन सहस्रांश. तेवढ्यात लहर दीड मीटर जाते, जाऊन-येऊन. म्हणून आवळता शंकू खिडकीपासून पाऊण मीटरच्या आसपास हवा. फेऱ्या कमी असतील तर लहर फार लवकर परत येते, फार जास्त असतील तर उशिरा. तिसरा_गिअर, तुमची गाडी ज्या फेऱ्यांना उचल खाते तिथे लहरीची आणि पिस्टनची वेळ जुळलेली असते. त्याच्या खाली ती मलूल का वाटते, तेही यातच आलं.

तिसरा_गिअर

वा! इतक्या वर्षांचं कोडं सुटलं. 'आवाजाचं दार' हे डोक्यातून जाणार नाही आता.

पत्रेवाला

मी पत्र्याचं काम करतो आणि अशी चेंबर्स बनवून दिली आहेत, म्हणून बनवण्याच्या बाजूचं सांगतो. शंकू एका तुकड्यात कधी होत नाही, कारण नळीला फ्रेमखालून वळणं घ्यायची असतात. आधी पुठ्ठ्यावर पंख्यासारखा आकार काढायचा, कापून गुंडाळून बघायचा. मग तो एक मिलिमीटर पत्र्यावर उतरवायचा. पत्रा रोलरमधून काढून शंकू वळवायचा, सांधा गॅसने जोडायचा. मग त्या शंकूचे तिरके काप करायचे आणि प्रत्येक काप थोडा फिरवून पुन्हा जोडायचा, की वळण येतं. एका चेंबरमध्ये असे दहा-बारा काप सहज होतात. सांध्याचा आतला ओघळ कानशीने साफ करावा लागतो, नाहीतर लहरीला तिथे ठेच लागते.

सांगायचा मुद्दा, एक नळी म्हणजे दोन-तीन दिवसांची मेहनत. काडेनच्या माणसांनी अशा किती बनवून टाकून दिल्या असतील! संगणक नाही, काही नाही. नळी बनव, इंजिनाला लाव, मोज, काप, पुन्हा बनव. त्याचं नाव घेताना मला त्या खोलीतले वेल्डरही आठवतात, ज्यांची नावं कुठेच आली नाहीत.

जुनी_किक

कानस, दुरुस्तीबद्दल आभार. शर्यतींच्या बाजूचं मला थोडं ठाऊक आहे, ते लिहितो.

एमझेडने जिंकलेली पहिली ग्रां प्री, म्हणजे विश्वविजेतेपदाच्या मालिकेतली शर्यत, १९५८ ची, स्वीडनमधल्या हेडेमोराला, २५० सीसीत, रायडर होर्स्ट फ्युग्नर. १९५९ ची टीटी, म्हणजे आयल ऑफ मॅन बेटावरची शर्यत, होंडाच्या पदार्पणासाठी सगळ्यांना आठवते. त्या १२५ च्या शर्यतीत होंडा सहावी आली. दुसरी कोण आली होती? लुइगी तावेरी, एमझेडवर. त्याच वर्षी ऱ्होडेशियाच्या गॅरी हॉकिंगने एमझेडच्या २५० वर स्वीडन आणि अल्स्टर अशा दोन शर्यती मारल्या. पुढच्या हंगामात इटलीच्या श्रीमंत एमव्ही ऑगस्टाने त्याला आपल्याकडे घेतलं. एमझेडचं हे कायमचं दुखणं होतं. गाडी वेगवान, पण चांगला रायडर टिकवायला पैसा नाही.

१९६३ ला मात्र एक सोन्यासारखा दिवस आला. झाक्सनरिंगवर, म्हणजे अगदी घरच्या मैदानात, माइक हेलवुडने २५० ची शर्यत एमझेडवर जिंकली. त्याच दिवशी त्याने ३५० आणि ५०० पण जिंकल्या, त्या एमव्हीवर. पण लाखोंच्या गर्दीने त्या एका २५० साठी जो जल्लोष केला असेल तो मला न बघताही ऐकू येतो.

रात्रपाळी

सगळं छान, पण मुख्य गोष्ट कुणी बोलत नाहीये. काडेनला विश्वविजेतेपद मिळालं नाही ते डेग्नरमुळे. घरच्या माणसाने घात केला. मला तरी त्याला माफ करावंसं वाटत नाही.

तिसरा_गिअर

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अर्न्स्ट डेग्नर हा एमझेडचा पहिल्या क्रमांकाचा रायडर आणि स्वतः हाताने काम करणारा, इंजिन समजणारा माणूस. १९६१ मध्ये त्याने १२५ सीसीत हॉकेनहाइम, झाक्सनरिंग आणि मॉन्झा जिंकलं. सप्टेंबरात स्वीडनच्या क्रिस्टियानस्टाडला पोचला तेव्हा गुणतक्त्यात तो सर्वांत वर होता. शर्यतीत त्याचं इंजिन गेलं. त्यानंतर तो संघाबरोबर परतलाच नाही, पश्चिमेकडे निघून गेला. त्याच सुमाराला बायको आणि दोन मुलं मोटारीच्या डिकीत लपून पश्चिम जर्मनीत पोचली होती.

त्याआधी आयल ऑफ मॅनवर सुझुकीच्या लोकांशी त्याचं बोलणं झालेलं होतं. सुझुकी टू-स्ट्रोकवरच रेसिंग करत होती आणि १९६१ च्या टीटीत त्यांच्या १२५ च्या सगळ्या गाड्या बंद पडल्या होत्या. हिवाळ्यात डेग्नर हामामात्सुला गेला, काडेनकडे शिकलेलं सगळं घेऊन. १९६२ ला त्याने सुझुकीवर ५० सीसीचं विश्वविजेतेपद मिळवलं. सुझुकीचं पहिलं, आणि कुठल्याही टू-स्ट्रोक गाडीचंही पहिलं.

१९६१ चं १२५ सीसीचं विजेतेपद होंडाच्या टॉम फिलिसला गेलं. ४४ गुण विरुद्ध ४२.

रात्रपाळी

दोन गुण! हंगाम पूर्ण करून गेला असता तरी चाललं असतं. काडेनने त्याला घडवलं, इंजिनाच्या पोटातली प्रत्येक गोष्ट दाखवली. आठ वर्षांचं काम एका माणसाच्या डोक्यात बसून जपानला गेलं. एमझेडने तर इंजिन त्याने मुद्दाम मारलं असा आरोप केला होता.

सांजवेळ

मी रेसिंगची जाणकार नाही, घरात याचं वेड आहे म्हणून वाचते. पण तारखांकडे बघा. बर्लिनची भिंत उभी राहायला सुरुवात झाली १३ ऑगस्ट १९६१ ला. क्रिस्टियानस्टाडची शर्यत त्यानंतर पाच आठवड्यांनी. रोज एक वाट बंद होत होती. बायको-मुलांना आणायचं तर ज्या दिवशी जमेल तो दिवस. 'हंगाम पूर्ण करून' असं म्हणायला वेळ होता कुणाकडे? लहान मुलांना डिकीत झोपवून सीमा ओलांडायची, हा निर्णय मी तरी पैशासाठी घेतला असं म्हणू शकणार नाही.

रात्रपाळी

घरच्यांना बाहेर काढलं त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, तो त्याचा हक्कच होता. माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. बाहेर पडणं वेगळं आणि दुसऱ्याची विद्या विकणं वेगळं.

सांजवेळ

हे तुमचं मला पटतं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने एकाच दिवशी केल्या, म्हणून त्यांचा गुंता झाला. एक सोडवून दुसरी धरता येत नाही.

कानस

दोघांचंही वाचून थांबून विचार केला. मी तरुणपणी रात्रपाळींच्याच बाजूचा होतो. आता मला डेग्नरचं पुढचं आयुष्य आठवतं. १९६२ ला सुझुका सर्किट सुरू झालं तेव्हा तो जिथे पडला त्या वळणाला आजही त्याचं नाव आहे. फॉर्म्युला वन बघणाऱ्यांनाही 'डेग्नर' हे वळणाचं नाव म्हणून माहीत असतं, माणूस म्हणून नसतं. १९६३ ला त्याच सुझुकाला २५० सीसीच्या शर्यतीत तो पडला, टाकीतलं पेट्रोल पेटलं आणि तो भयंकर भाजला. पुन्हा पुन्हा त्वचारोपण करावं लागलं. तरी परत येऊन त्याने शर्यती जिंकल्या, पण तो पूर्वीचा डेग्नर उरला नव्हता. १९८३ ला टेनेरिफ बेटावर गेला.

काडेन चोपाऊतच राहिला. ज्या खोलीतून विद्या गेली त्याच खोलीत रोज सकाळी जाऊन बसणं, तीच इंजिनं पुढे नेणं, आणि समोरच्या जपानी गाडीच्या आवाजात स्वतःचीच कल्पना ओळखणं. याचा मी अनेकदा विचार करतो. त्यानंतरही त्याची इंजिनं जिंकत राहिली. हेलवुडचा १९६३ चा विजय जुनी_किक यांनी सांगितलाच. १९६४ ला ॲलन शेफर्डने डेटोनाला अमेरिकन ग्रां प्री एमझेडवर घेतली. आणि १९७१ ला सिल्व्हिओ ग्रासेत्तीने स्पाला २५० ची बेल्जियन ग्रां प्री जिंकली, डेग्नर गेल्यावर तब्बल दहा वर्षांनी. हा मला त्याचा सर्वांत मोठा विजय वाटतो.

जुनी_किक

आणि प्रभाव किती, तर बघा. १९६४ ला फिल रीडने यामाहाच्या टू-स्ट्रोकवर २५० चं विजेतेपद घेतलं. होंडाने फोर-स्ट्रोकने झुंज दिली, पण त्यासाठी १२५ सीसीत पाच सिलेंडर घालावे लागले! ५० सीसीत दोन सिलेंडर आणि वीस हजारांच्या वर फेऱ्या. घड्याळजीचं काम होतं ते, आणि मला त्या होंडांबद्दलही अपार आदर आहे. १९६७ नंतर होंडा बाहेर पडली.

१९७५ ला आगोस्टिनीने यामाहावर ५०० सीसीचं पहिलं टू-स्ट्रोक विजेतेपद मिळवलं, पुढच्याच वर्षी बॅरी शीनने सुझुकीच्या चार सिलेंडरच्या आरजी ५०० वर. त्या आरजीत रोटरी डिस्क व्हॉल्व्ह होते, चोपाऊची खूण. होंडाने परत येऊन लंबगोल पिस्टनची एनआर ५०० आणली, ती चालली नाही, शेवटी तीही टू-स्ट्रोककडे वळली आणि १९८३ ला फ्रेडी स्पेन्सर जिंकला. १९७५ पासून २००१ पर्यंत ५०० सीसीचं एकूण एक विजेतेपद टू-स्ट्रोकचं. शेवटचं रॉसीचं. १२५ चा वर्ग तर २०११ पर्यंत टू-स्ट्रोक होता. शीन, रॉबर्ट्स, रेनी, डूहान, रॉसी, सगळे काडेनच्या लहरीवर स्वार होऊन जिंकले.

चौकस

आणि त्याला यातलं काय मिळालं?

कानस

पैशाच्या रूपात काहीच नाही. पण तो ३ मार्च १९९६ ला गेला. म्हणजे भिंत पडलेली त्याने पाहिली, आणि जगातली प्रत्येक ५०० सीसी ग्रां प्री गाडी त्याच्या तत्त्वावर धावतेय हेही.

एक गोष्ट राहून गेली होती. चेंबर आणि डिस्क व्हॉल्व्हबरोबर त्याची तिसरी करामत म्हणजे बूस्ट पोर्ट. एक्झॉस्टच्या बरोबर समोर, मागच्या भिंतीत ताज्या मिश्रणाची आणखी एक खिडकी. त्यातून येणारं गार, तेलकट मिश्रण पिस्टनच्या डोक्याला आणि कनेक्टिंग रॉडच्या वरच्या बेअरिंगला थंड करत जातं. टू-स्ट्रोक सीझ होण्याची, म्हणजे तापून जाम होण्याची, जी भीती असते ती नेमकी तिथेच असते. ताकद वाढवायची आणि त्याच झटक्यात इंजिनाचा जीवही वाचवायचा. सिलेंडर उघडून त्या तिसऱ्या खिडकीत बोट घातलं की मला त्या माणसाची बुद्धी जाणवते.

पत्रेवाला

अनुनाद मॅडम, तुमचं गणित वाचून राहवलं नाही. माझ्याकडे एक जुनं चेंबर पडून आहे, मालक परत न्यायला आलाच नाही. त्याचं इंजिन ९,००० फेऱ्यांना जोर धरायचं आणि एक्झॉस्ट १८० अंश उघडा राहायचा, हे मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं होतं. आवळता शंकू किती अंतरावर यायला हवा?

अनुनाद

१८० अंश म्हणजे अर्धा फेरा. ९,००० फेऱ्यांना एक फेरा ६.६७ सहस्रांश सेकंदाचा, त्याचा अर्धा ३.३३. ५०० मीटरने गुणलं तर १.६७ मीटर, जाऊन-येऊन. निम्मे केले की ८३ सेंटिमीटर. पिस्टनच्या तोंडापासून आवळत्या शंकूच्या साधारण मध्यापर्यंत मोजा. नळी वाकडी असेल तर मध्यरेषेवरून.

पत्रेवाला

सुतळी मधोमध धरून मोजली, दोनदा. ८२ भरली.